गाडीचा घट्ट बसलेला गिअर नॉब लिव्हरला इजा न करता कसा काढावा?

आपली गाडी 2006 सालची, मॅन्युअल गिअरची होंडा सिटी आहे. आधीच्या मालकाने तिला बाजारात मिळणारा ॲल्युमिनियमचा गोल नॉब बसवला आहे, तो दोन्ही हातांनी जोर लावूनही हलत नाही आणि गॅरेजमध्ये लिव्हरसकट बदलण्याचा सल्ला मिळाला आहे, असे आपण लिहिले आहे. माझ्या मते लिव्हर बदलण्याची गरज नाही. नॉब खराब झाला तरी चालेल, पण लिव्हर वाचवायचा, एवढे ठरवून कामाला लागावे.

प्रथम नॉब कशाने धरला आहे ते पाहावे. होंडाच्या मूळ लिव्हरच्या टोकाला 10 मिलिमीटर व्यासाचे, 1.5 पिचचे (म्हणजे लागोपाठच्या दोन आट्यांत 1.5 मिलिमीटर अंतर असलेले) आटे असतात आणि मूळ नॉब त्यांवर सरळ फिरवून बसवलेला असतो. बाहेरच्या नॉबचे मात्र तसेच असेल असे नाही. ‘सगळ्या गाड्यांना चालणारा’ म्हणून विकल्या जाणाऱ्या अनेक नॉबना आटेच नसतात. आत प्लास्टिकची नळी असते आणि तळाकडून दोन-तीन बारीक बिनडोक्याचे स्क्रू लिव्हरवर दाबलेले असतात. कधी कधी हे स्क्रू एखाद्या शोभेच्या रिंगखाली झाकलेले असतात, म्हणून ती रिंग सरकवून टॉर्चच्या उजेडात नीट पाहावे. स्क्रू सापडले तर ॲलन कीने ते सैल करून नॉब वर ओढणे एवढेच काम उरते. (हे उत्तर वाचणाऱ्या इतरांसाठी: फोक्सवॅगन पोलोचा नॉब आट्यांवर नसतो, तो खालच्या कव्हरसकट क्लिपने धरलेला असतो; ऑटोमॅटिक गाडीच्या नॉबमध्ये बटणाची यंत्रणा असते. हे दोन्ही पिळू नयेत.)

गाडी सपाट जागी उभी करून इंजिन बंद करावे, हँडब्रेक ओढावा, चाकांना दगड लावावेत आणि लिव्हर न्यूट्रलमध्ये ठेवावा. लिव्हर डुलू नये म्हणून काही जण तो गिअरमध्ये टाकून नॉब पिळतात. तसे केल्यास सगळा पीळ लिव्हरच्या तळाचा सांधा, प्लास्टिकचे बुश आणि गिअरच्या केबलींवर जातो. त्याऐवजी रेक्झिनचे कव्हर सोडवून खाली सरकवावे, उघड्या दांड्याला जाड कापड गुंडाळावे आणि तिथे ग्रिप प्लायर घट्ट लावून तो मदतनिसाला धरायला द्यावा. आपण लावलेला जोर नॉब आणि हा प्लायर यांच्यातच राहिला पाहिजे, खाली उतरता कामा नये.

नॉबच्या लगेच खाली चेक नट (नॉब आपोआप फिरू नये म्हणून त्याला खालून आवळलेला नट) असेल तर तो आधी सोडवावा. इथे हमखास गोंधळ होतो. वरून पाहताना नॉब घड्याळाच्या उलट दिशेने फिरवला की वर चढून सुटतो. चेक नट मात्र नॉबपासून दूर, म्हणजे खाली न्यायचा असल्यामुळे घड्याळाच्या दिशेने फिरवावा लागतो. सवयीने तोही उलटा फिरवला, तर तो नॉबवर अधिकच आवळला जातो.

एवढे करूनही नॉब हलला नाही तर उष्णता वापरावी. तापल्यावर ॲल्युमिनियम हे पोलादाच्या जवळपास दुप्पट प्रसरण पावते, त्यामुळे आपल्या नॉबच्या बाबतीत हा उपाय विशेष उपयोगी आहे. दांड्याला ओले फडके गुंडाळून नॉबवर काही मिनिटे हेअर ड्रायर धरावा आणि हातमोजे घालून, नॉबला सायकलच्या जुन्या ट्यूबचा तुकडा गुंडाळून किंवा ऑइल फिल्टर काढण्याचा पट्ट्याचा पाना लावून तो फिरवावा. आटे घट्ट धरणारे निळे द्रावण लावलेले असेल तर ते बहुधा एवढ्यावर सुटते. लाल द्रावणाला मात्र 250 अंश सेल्सिअसच्या आसपास तापमान लागते आणि तेवढी आच गाडीच्या आत देण्याचा विचारही करू नये. गंज सैल करणाऱ्या स्प्रेकडून फार अपेक्षा ठेवू नये, कारण आटे नॉबच्या पोटात वरच्या बाजूला असतात आणि खालून मारलेले तेल तिथवर फारसे चढत नाही. बरेचसे कार्पेटवरच ठिबकते. नॉब वर हिसकूनही पाहू नये. तो अचानक सुटला तर थेट तोंडावर येतो.

आपल्या वर्णनावरून मला एक निराळीच शंका येते. निसान आणि माझदाच्या लिव्हरचे आटेही 10 मिलिमीटरचेच, पण 1.25 पिचचे असतात. असा नॉब होंडाच्या लिव्हरवर पहिले एक-दोन फेरे बरा चढतो आणि मग अडतो; तिथून पुढे पान्याने दामटला की मऊ ॲल्युमिनियमचे आटे चिरडून पोलादी आट्यांत रुतून बसतात. तसे झाले असेल तर उष्णतेचाही उपयोग मर्यादितच. मग हॅक्सॉने नॉबला उभी चीर पाडावी, आट्यांच्या थोडे अलीकडे थांबावे आणि चिरेत जाड पेचकस घालून पिळावा, म्हणजे नॉब उकलतो. कापण्यापूर्वी खालचा सगळा भाग ओल्या फडक्याने झाकावा, नाहीतर धातूचा कीस लिव्हरच्या सांध्यात जाऊन बसेल.

दांड्याचे आटे पोलादाचे असल्यामुळे ते बहुतेक वेळा शाबूत राहतात. त्यांत अडकलेले ॲल्युमिनियम तारेच्या ब्रशने काढावे आणि 10 मिलिमीटर, 1.5 पिचची डाय (आटे पाडण्याचे आणि साफ करण्याचे हत्यार) हाताने एकदा फिरवून घ्यावी. नवा नॉब त्याच मापाचा घ्यावा, आट्यांना किंचित ग्रीस लावून तो हातानेच बसवावा आणि त्यावरचा गिअरचा नकाशा सरळ आल्यावर खालून चेक नट आवळावा.