ग्रेट ब्रिटनची पहिली राणी कोण आणि तिची कारकीर्द कशी होती?

या प्रश्नावर पुष्कळ जण पहिल्या एलिझाबेथचे नाव घेतात. परंतु तिच्या काळी इंग्लंड आणि स्कॉटलंड ही वेगळी राज्ये होती. 1 मे 1707 रोजी ती एक झाली तेव्हा गादीवर ॲन होती, म्हणून हा मान तिचा.

दुसऱ्या जेम्सची ही धाकटी मुलगी 1665 मध्ये जन्मली आणि मेहुणा तिसरा विल्यम वारल्यावर 1702 मध्ये राणी झाली. वय अवघे 37, पण संधिवाताने पाय इतके सुजलेले की राज्याभिषेकाच्या दिवशी तिला खुर्चीत बसवून वेस्टमिन्स्टर ॲबेपर्यंत उचलून न्यावे लागले. त्याआधीच ती 17 वेळा गरोदर राहिली होती. त्यांपैकी केवळ एक मुलगा, विल्यम, शैशव ओलांडून वाढला आणि तोही 1700 मध्ये, अकरावा वाढदिवस साजरा झाल्यावर काही दिवसांतच गेला. वारसाचा प्रश्न त्यामुळेच उभा राहिला, आणि पार्लमेंटने 1701 च्या कायद्याने गादी प्रोटेस्टंट हॅनोव्हर घराण्याकडे वळवली.

तिला दुबळी ठरवणारे चित्र बरेचसे तिची जिवलग मैत्रीण आणि पुढे कट्टर विरोधक झालेल्या सारा चर्चिलने रंगवले, हे ध्यानात ठेवावे. प्रत्यक्षात ॲन मंत्रिमंडळाच्या बैठकांना नियमाने बसे, आणि संसदेने संमत केलेल्या विधेयकाला, म्हणजे 1708 च्या स्कॉटिश मिलिशिया (नागरिकांचे राखीव सैन्य) विधेयकाला, मंजुरी नाकारणारी ती आजवरची शेवटची ब्रिटिश सत्ताधीश आहे. तिच्या मृत्यूनंतर, 1714 मध्ये, हॅनोव्हर घराण्यातला पहिला जॉर्ज गादीवर आला.