रिकाम्या ग्रहावर उतरून करायचं काय?

प्रश्न असा होता: एलिट डेंजरससारख्या स्पेस सिम्युलेशन खेळात ग्रहावर उतरता येणार म्हणून लोक वर्षानुवर्षं वाट बघत होते, असं वाचलं. रिकाम्या खडकावर उतरून करायचं काय? आणि आज सुरुवात करायची तर कोणता खेळ घ्यावा?

उत्तर:

‘उतरून करायचं काय’ हे तीन शब्द वाचले आणि ताट बाजूला सारून लिहायला बसलो. हाच प्रश्न, याच शब्दांत, मी ऑगस्ट २०१५ पासून ऐकतोय. तुमच्यावर राग नाही. पण ज्याने मला तो पहिल्यांदा विचारला त्याच्याशी हिशेब अजून बाकी आहे, तेव्हा थोडं सहन करा.

आधी ‘वर्षानुवर्षं’ म्हणजे किती, ते सांगतो. मूळ एलिट १९८४ चा. डेव्हिड ब्रेबेन आणि इयन बेल या दोघांनी तो ३२ केबी मेमरीच्या बीबीसी मायक्रोवर बसवला. आठ आकाशगंगा, प्रत्येकीत २५६ ग्रह. पण ग्रह म्हणजे नुसतं वर्तुळ. त्याच्याभोवती फिरणाऱ्या स्टेशनात शिरायचं, माल विकायचा, निघायचं. फार जवळ गेलात तर आपटून मेलात. मग १९९३ मध्ये फ्रंटियर आला, एका फ्लॉपीत मावणारा, आणि त्यात चक्क ग्रहावर उतरता यायचं. मी तो पुष्कळ नंतर डॉसबॉक्सवर, म्हणजे जुने खेळ आजच्या कॉम्प्युटरवर चालवणाऱ्या प्रोग्रॅमवर, खेळलो. डोंगर म्हणजे घडी घातलेल्या कागदाचे त्रिकोण, पण आकाशातून थेट जमिनीवर, मध्ये पडदा पडत नाही. १९९५ ला त्याचा पुढचा भाग आला आणि मग जवळजवळ वीस वर्षं शांतता. २०१२ च्या नोव्हेंबरात किकस्टार्टरवर लोकांकडून वर्गणी, १६ डिसेंबर २०१४ ला एलिट डेंजरस. चाळीस हजार कोटी तारामंडळं, अख्खी आकाशगंगा खऱ्या मापाची, आणि उतरायला एकही ग्रह नाही! एका मर्यादेपलीकडे गेलं की शिप सुपरक्रूझमधून, म्हणजे ग्रहाग्रहांमधल्या सुसाट वेगातून, बाहेर फेकली जायची. १९९३ ला जे जेवून झालं होतं ते २०१४ ला नुसतं काचेतून दाखवत होते. लोक वाट बघत होते ते यामुळे. हावरटपणा नव्हता तो.

आणि हे सोपं कामही नाही. मी सॉफ्टवेअरवाला आहे म्हणून एवढं सांगून पुढे जातो. ३२ बिटच्या साध्या फ्लोटमध्ये, म्हणजे कॉम्प्युटर अपूर्णांक ज्यात साठवतो त्यात, जेमतेम सात आकडे नीट मावतात. पृथ्वीएवढ्या ग्रहाच्या केंद्रापासून मीटरमध्ये मोजायला लागलात, तर पृष्ठभागावर दोन शेजारच्या आकड्यांतलं अंतर अर्धा मीटर येतं. म्हणजे तुमची गाडी अर्ध्या-अर्ध्या मीटरच्या उड्या मारत थरथरत चालणार. त्यासाठी सगळं जग सतत खेळाडूभोवती सरकवत ठेवायचं, जमीन जवळ येईल तशी बारीक करत जायची, आणि हे सगळं वरून खाली येताना कुठेही सांधा न दिसू देता. ज्यांना हे ‘एक लोडिंग स्क्रीन टाकला असता तर काय बिघडलं असतं’ असं वाटतं, त्यांनी माझ्याशी वाद घालू नये. सांधा न दिसणं हाच तर मुद्दा आहे.

ऑगस्ट २०१५ मध्ये जर्मनीतल्या कलोनच्या गेम्सकॉम या खेळांच्या मेळाव्यात होरायझन्स जाहीर झालं, एलिटमध्ये ग्रहांवर उतरू देणारी पुरवणी. फक्त वातावरण नसलेले ग्रह. तरी मी नाचलो. तेव्हा कर्वेनगरात दोघं राहायचो. रूममेट कोल्हापूरचा, आठवडाभर ऑफिस आणि दर रविवारी गड. मी त्याला जाहिरातीचा व्हिडिओ दाखवला. त्याने शांतपणे बघितला आणि म्हणाला, “भावा, दगडच हायत की नुसते. उतरून करायचं काय?”

चार महिने हे चाललं. मी लॅमिंग्टन रोडवरून जॉयस्टिक घेऊन आलो तेव्हा. मी नवीन ग्राफिक्स कार्ड बसवलं तेव्हा. भाड्याची वाटणी करताना तर हमखास.

१५ डिसेंबरला होरायझन्स आलं. आमचं नेट म्हणजे गल्लीतल्या केबलवाल्याची कृपा. रात्रभर डाउनलोड लावून ठेवलं, सकाळी पोट बिघडल्याचं ऑफिसला कळवलं, आणि डाउनलोड संपायला संध्याकाळ उजाडली. (एलिट एकट्याने खेळायचा असला तरी नेट लागतंच, हे ज्यांना माहीत नाही त्यांनी आताच ऐकून ठेवा.) त्याआधी मी माझी एस्प एक्सप्लोरर नावाची शिप घेऊन पाच आठवडे लांब भटकून आलो होतो. तेजोमेघ, न्यूट्रॉन तारे, कोणीही न नोंदवलेली मंडळं. ती सगळी माहिती शिपमध्ये होती आणि अजून विकायची होती. ती विकली की पैसे मिळतात, शोध लावणारा म्हणून तुमचं नाव लागतं. विकायच्या आधी शिप फुटली तर सगळं शून्य.

स्टेशनात होतो. विकायला बसलो असतो तर तासभर गेला असता. म्हटलं, एकदा उतरून येऊ, मग निवांत विकू.

शिपमध्ये गाडीचा हँगर बसवला, एसआरव्ही, म्हणजे ग्रहावर चालवायची गाडी, आत घेतली आणि जवळचा पहिला खडक निवडला. रूममेट मागे चहाचा कप घेऊन उभा. मी समालोचन करतोय: बघ, हा ऑर्बिटल क्रूझ, ग्रहाभोवती घिरटी, आता ग्लाइड, तरंगत खाली, सेकंदाला अडीच किलोमीटर. नाक साठ अंशांपेक्षा जास्त खाली केलं तर ग्लाइड मोडतो, बघ मी कसं धरलंय. क्षितिजाची कड सरळ होत गेली, खड्ड्यांच्या आत खड्डे दिसायला लागले. कुठे पडदा नाही, कुठे थांबणं नाही. अंगावर काटा आला, खरं सांगतो. आणि त्या भरात ग्रहाचं गुरुत्वाकर्षण बघायचंच राहिलं. नकाशात लिहिलेलं असतं. मी बघितलं नाही.

साडेतीन जीच्या, म्हणजे पृथ्वीच्या साडेतीन पटीच्या, आसपास होतं ते, नंतर कळलं. जड ग्रहावर नियम एकच, खाली जायचं बटण हळूच टेकवायचं आणि सोडायचं. एकदा शिपने वेग घेतला की वरचं बळ तिला थांबवायला पुरत नाही. मी बटण दाबून धरलं. आकडा वाढत गेला, मी वरचा जोर पूर्ण लावला, आकडा वाढतच राहिला. ढाल गेली, काच तडकली, पांढरा स्क्रीन. विम्याचे पैसे भरून नवीन शिप मिळते, किमतीच्या पाच टक्क्यांत. पाच आठवडे मात्र मिळत नाहीत.

मागून चहाचा एक घोट ऐकू आला. मग, “उतरलास की.”

मग दोन दिवस मी खेळ उघडला नाही. शनिवारी रात्री तो लवकर झोपला, पहाटे राजगडला जायचं होतं. मी पुन्हा बसलो. या वेळी आधी आकडा बघितला. एका वायूग्रहाचा बर्फाळ चंद्र, ०.०५ जी. पिसासारखी उतरली शिप. इंजिनं बंद केली आणि मग जे झालं ते मला आजवर कोणाला नीट सांगता आलेलं नाही. आवाज नाही. समोर करड्या बर्फाची उतरण, तिच्या मागे ग्रहाचा अर्धा गोळा आकाशाचा चतकोर व्यापून बसलेला, आणि पाच मिनिटं टक लावून बघितलं तर तो किंचित सरकलेला. म्हणजे मी ज्या दगडावर आहे तो खरंच फिरतोय, त्याच गणिताने ज्याने मी वरून आलो. पाठीमागे लटकवलेलं चित्र नव्हतं ते.

एसआरव्ही काढली. लांब एक कडा दिसत होता, अकरा किलोमीटरवर. तिकडे निघालो. इतक्या कमी गुरुत्वात गाडी चालत नाही, उडते. प्रत्येक उंचवट्यावर दहा-दहा सेकंद हवेत. हवेत म्हणजे, हवा नाहीच तिथे, पण समजून घ्या. वाटेत दोन-चार दगड फोडले, त्यातून लोखंड, गंधक असलं किडूकमिडूक निघालं. पोचायला दोन तास लागले. कड्यावर गेलो, तर पलीकडे अजून उतरण.

साडेचारला रूममेटचा गजर झाला. तोंडात ब्रश घालून तो मागे येऊन उभा राहिला.

“अजून तिथंच? काय घावलं?”

“काही नाही.”

हसत हसत तो गेला. संध्याकाळी परत आला, बूट चिखलाने भरलेले, पाय दुखतायत. पद्मावती माचीवर पिठलं-भाकरी खाल्ली, बालेकिल्ल्यावर वारा होता, असं सांगत होता. राजगडला तो तोपर्यंत किमान दहा वेळा गेला असेल. आता मला सांगा, वर जाऊन तो काय करतो? गड जिंकतो का? वर कोण बसलंय त्याची वाट बघत? चढायचं, बघायचं, उतरायचं. मी तेच केलं, उलट क्रमाने. हे मी त्याला त्याच रात्री सांगायला हवं होतं, पण मला उत्तरं दोन दिवसांनी सुचतात. सुचलं तेव्हा सांगितलं, तर म्हणे गडाला इतिहास असतो, तुझ्या दगडाला काय आहे. साडेचार अब्ज वर्षं आहेत म्हटलं, तर म्हणे ती कॉम्प्युटरने ठरवलेली. यावर आजही मला नीट उत्तर नाही, आणि म्हणूनच हे उत्तर लांबलंय.

बरं, कोणता खेळ घ्यावा. एलिट घ्या. होरायझन्स २०२० च्या ऑक्टोबरात मूळ खेळात फुकट मिसळून टाकलं, त्यामुळे माझ्यासारखे वेगळे पैसे पडणार नाहीत. पायी चालायचं आणि विरळ वातावरणाच्या ग्रहांवर उतरायचं, तर २०२१ चं ओडिसी वेगळं विकत घ्यावं लागतं. ते सेलमध्ये घ्या. नो मॅन्स स्कायमध्ये उतरायला एक बटण पुरतं आणि खाली रंगीत प्राणी असतात. ती सहल आहे, चांगली सहल आहे, पण उतरण्याची भीती तिथे नाही आणि भीतीशिवाय मजा नाही. स्टार सिटिझनमध्ये डिसेंबर २०१७ पासून चंद्रांवर उतरता येतं आणि दिसायला तो सगळ्यात देखणा, पण त्याला लागणारा कॉम्प्युटर घ्यायचा तर गाडीचे हप्ते थांबवावे लागतील. उतरणं खरोखर शिकायचं असेल, म्हणजे इंधन, कक्षा, कधी ब्रेक मारायचा, तर मात्र कर्बल स्पेस प्रोग्रॅम. त्यातल्या मून नावाच्या चंद्रावर पहिल्यांदा न फुटता टेकलात की आईला फोन कराल. एलिटमधला ग्लाइड भौतिकशास्त्राच्या दृष्टीने थाप आहे, हेही कबूल करतो. हवाच नाही तर तरंगताय कशावर? पण थाप चांगली आहे.

आणखी एक. कंटाळा येतो. हे आधी सांगायला हवं होतं. पहिल्या वीस-तीस चंद्रांनंतर करडा बर्फ करडाच दिसायला लागतो. पोमेशे मंडळातल्या त्या प्रचंड दरीत शिप घालणं, किंवा एप्सिलॉन इंडायमधला मिटरँड हॉलो हा आपल्या ग्रहाला सुसाट फेऱ्या मारणारा चंद्र पकडून त्यावर टेकणं, अशा जागा शोधाव्या लागतात. ज्याला रविवारी घरात बसवत नाही त्याने या फंदात पडूच नये. म्हणजे माझ्या रूममेटने. तो बरोबर होता असं मी म्हणत नाहीये.

७ सप्टेंबर २०१९ च्या पहाटे, दोन वाजून गेल्यावर त्याचा मेसेज आला. तोपर्यंत त्याचं लग्न होऊन तो कोल्हापूरला परतला होता. “जागा हायस?” होतो. चांद्रयान-२ च्या विक्रम लँडरचा हिरवा ठिपका २.१ किलोमीटरच्या आसपास रेषेवरून सरकला होता आणि मग संपर्क तुटला होता. मी लिहिलं, वेग उतरला नाही वेळेत. त्याने लिहिलं, तुझ्यासारखंच. पुढे अर्धा तास आम्ही दोघंही ऑनलाइन, कोणी काही लिहीना.

२३ ऑगस्ट २०२३, संध्याकाळी सहा वाजून चार मिनिटं. चांद्रयान-३ टेकलं आणि दहाव्या सेकंदाला त्याचा फोन, मागे पोरं ओरडतायत, फटाके, हा स्वतः रडवेला. मी आठ वर्षं या क्षणाची वाट बघत होतो. विचारलं, “भावा, दगडच आहेत की नुसते. उतरून करायचं काय?”

फोन कट.

आठवड्याच्या आत बातमी आली, चांद्रयान-३ च्या प्रज्ञान गाडीने चंद्राच्या दक्षिणेकडच्या मातीत गंधक शोधलं. त्याने लिंक पाठवली आणि खाली एक ओळ: “ह्यांना गंधक घावलं. तुला काय घावलेलं?”

मी जुनी हार्ड डिस्क काढली, डिसेंबर २०१५ चं फोल्डर उघडलं आणि त्या बर्फाळ चंद्रावरचा स्क्रीनशॉट पाठवला. उजव्या कोपऱ्यात फोडलेल्या दगडातून निघालेल्या मालाची यादी आहे. लोखंड, आणि त्याच्या खाली गंधक.

दोन निळ्या खुणा आल्यात. उत्तर अजून नाही.