शिट्टी इंजिनाबरोबर चढते का, ते आधी ऐका
वाहनविषयक शंका : वाचकांचे प्रश्न आणि उत्तरे

प्रश्न : माझ्याकडे सात वर्षांची पेट्रोल हॅचबॅक आहे. गेल्या महिन्यात तुर्भ्यातील एका दुकानात मूळचा रेडिओ काढून नऊ इंची अँड्रॉइड स्क्रीन, रिव्हर्स कॅमेरा आणि डिकीत चार चॅनलचा ॲम्प्लिफायर बसवून घेतला. इंजिन बंद असताना गाणी स्वच्छ ऐकू येतात. इंजिन सुरू केले की चारही स्पीकरमधून बारीक शिट्टी येते आणि ॲक्सिलरेटर दाबला की ती चढत जाते. व्हॉल्यूम शून्यावर नेला तरी ती तेवढीच राहते. दुकानदार म्हणतात, अल्टरनेटर बदला किंवा फिल्टर लावा. यांपैकी काय करावे?
(एक वाचक, खारघर)

उत्तर : दोन्हीही इतक्यात करू नये. निदानाचे निम्मे काम आपल्या पत्रातच झालेले आहे, कारण शिट्टी इंजिनाच्या फेऱ्यांबरोबर चढते आणि व्हॉल्यूमला मात्र जुमानत नाही, या दोन गोष्टी आपण नेमक्या टिपल्या आहेत. पहिलीवरून आवाजाचे मूळ चार्जिंगच्या विजेत आहे हे कळते, आणि दुसरीवरून तो स्क्रीनमधील व्हॉल्यूमच्या टप्प्यानंतर, म्हणजे स्क्रीनपासून डिकीपर्यंत गाण्याचा सिग्नल नेणाऱ्या आरसीए वायरींत किंवा खुद्द ॲम्प्लिफायरमध्ये शिरतो आहे हे कळते.

अल्टरनेटर, म्हणजे इंजिनाच्या पट्ट्यावर फिरणारे जनित्र, तीन फेजची वीज तयार करतो आणि त्यातील सहा डायोड तिचे डीसीमध्ये, म्हणजे एकाच दिशेने वाहणाऱ्या विजेत, रूपांतर करतात, परंतु ही डीसी बॅटरीच्या विजेसारखी सपाट नसते, तिच्यावर बारीक लाटा उरतातच. बारा ध्रुवांचा अल्टरनेटर आणि पुलीचे गुणोत्तर अडीच (इंजिनाच्या एका फेऱ्यामागे अल्टरनेटरचे अडीच फेरे) धरले, तर इंजिन आयडलला मिनिटाला 800 फेरे घेत असताना या लाटा सेकंदाला सुमारे 1200 भरतात आणि 2400 फेऱ्यांना 3600 होतात. माणसाच्या कानाला जे स्वर सर्वांत सहज टोचतात, नेमके तेच हे. याचा अर्थ असा की धडधाकट अल्टरनेटरसुद्धा या लाटा निर्माण करतो. त्या स्पीकरपर्यंत पोहोचू न देणे हे वायरिंग करणाऱ्याचे काम असते.

तरीही अल्टरनेटरवरील आरोप तपासून घेण्यास दोन मिनिटे पुरतात. साधा डिजिटल मल्टिमीटर बॅटरीच्या दोन टोकांना लावावा. इंजिन बंद असताना, गाडी काही तास उभी असल्यास, सुमारे 12.6 व्होल्ट आणि सुरू असताना साधारण 13.8 ते 14.5 व्होल्ट दिसले पाहिजेत. मग मीटर एसी व्होल्टवर, म्हणजे या लाटा मोजण्याच्या खुणेवर, ठेवून, हेडलाइट आणि एअर कंडिशनरचा पंखा चालू करून इंजिन सुरू असतानाच पुन्हा पाहावे. आकडा एक दशांश व्होल्टच्या आत असेल तर डायोड ठीक आहेत असे धरावे. अर्ध्या व्होल्टच्या पुढे गेला तर मात्र एखादा डायोड गेला असण्याची दाट शक्यता आहे आणि दुकानदाराचे म्हणणे खरे ठरेल. काही जुने मिस्त्री इंजिन चालू असताना बॅटरीचे टोक काढून अल्टरनेटर पारखतात. आपल्या गाडीवर हा प्रयोग कोणालाही करू देऊ नका, कारण त्या क्षणी व्होल्टेजची जी उसळी येते ती नव्या स्क्रीनसह गाडीच्या इंजिन कंट्रोल युनिटलाही निकामी करू शकते.

माझा संशय अर्थिंगवर आहे. आपल्या गाडीत स्क्रीनची काळी वायर डॅशबोर्डमागे बॉडीला मिळते आणि ॲम्प्लिफायरची काळी वायर डिकीत. गाडीची सगळी बॉडी म्हणजे एकच निगेटिव्ह असे आपण मानतो, परंतु त्याच पत्र्यातून दिवे, पंखे, मोटारी आणि अल्टरनेटर यांचा करंट परतत असतो, त्यामुळे पुढच्या आणि मागच्या बिंदूंत काही मिलिव्होल्टचा फरक राहतो. आरसीए वायरीचे बाहेरचे जाळीदार आवरण हे दोन बिंदू परस्पर जोडते आणि अर्थाचे एक बंद वेटोळे तयार होते. मग फरकाचा करंट त्या आवरणातून वाहू लागतो आणि गाण्याच्या सिग्नलमध्ये अल्टरनेटरच्या लाटा मिसळतात. हळू वाजणाऱ्या गाण्याचा सिग्नलही मिलिव्होल्टमध्येच असल्यामुळे ॲम्प्लिफायरला दोन्हींत फरक करता येत नाही. तो दोन्ही सारखेच मोठे करतो.

म्हणून प्रथम डिकीतील अर्थ, म्हणजे ॲम्प्लिफायरची बॉडीला मिळणारी काळी वायर, पाहावा. ती वायर अर्ध्या मीटरपेक्षा लांब नसावी, पॉझिटिव्ह वायरीइतकीच जाड असावी आणि रंगावर नव्हे, तर उघड्या पत्र्यावर कसलेली असावी. दुकानात घाईघाईने हातात येईल तो बोल्ट वापरला जातो, आणि तो अनेकदा रंगाने किंवा सीलरने वेढलेला असतो. पत्रा काचपेपरने चकचकीत करावा, वायरीच्या टोकाला गोल लग (धातूचे कडे) दाबून बसवावा, खाली दातेरी वॉशर घालून बोल्ट आवळावा आणि मग वरून रंगाचा किंवा ग्रीसचा हात द्यावा. हा शेवटचा हात आपल्याकडे टाळू नये. खाडीची खारट हवा आणि चार महिन्यांचा पाऊस यांत उघडा पत्रा पाहता पाहता गंजतो, आणि मे महिन्यात गप्प झालेली शिट्टी गणपतीत पुन्हा ऐकू येते. सीटबेल्टचा बोल्ट मात्र या कामासाठी कधीही वापरू नये. त्याच्यावर जिवाची जबाबदारी असते. काम झाल्यावर इंजिन आणि म्युझिक सिस्टीम चालू ठेवून मीटरचे एक टोक ॲम्प्लिफायरच्या निगेटिव्हला आणि दुसरे, लांब वायर जोडून, बॅटरीच्या निगेटिव्हला लावावे. एक दशांश व्होल्टपेक्षा जास्त फरक दिसला तर अर्थ अजून कच्चा आहे. नुसता रोध मोजून हे कळत नाही, कारण करंट वाहत नसताना कच्चा सांधाही चांगला भासतो.

एवढे करूनही शिट्टी उरली, तर एकेक गोष्ट वेगळी करून पाहावी. सिस्टीम पूर्ण बंद करून ॲम्प्लिफायरकडील आरसीए पिना काढाव्यात आणि पुन्हा सुरू करून ऐकावे. तरीही शिट्टी येत असेल तर दोष ॲम्प्लिफायरच्या विजेत किंवा स्पीकरच्या वायरींत आहे. शांतता झाली, तर चार्जरला न जोडलेला फोन योग्य वायरीने त्याच पिनांना लावून गाणे वाजवावे. गाणे स्वच्छ आले की दोष पुढच्या बाजूस आहे हे ठरले. चालू सिस्टीममध्ये आरसीए काढघाल करू नये असे मी मुद्दाम लिहितो आहे, कारण काही स्क्रीन आणि रेडिओ यांत आरसीएच्या आवरणाचा अर्थ एका नाजूक पट्टीतून किंवा चिमुकल्या फ्यूजमधून जातो आणि अशा काढघालीत तो जळतो. गाणी पूर्ववत वाजतात, पण शिट्टी कायमची सोबतीला येते. याची परीक्षा सोपी आहे : आरसीएच्या बाहेरच्या कड्यापासून स्क्रीनच्या धातूच्या पेटीपर्यंत तात्पुरती एक वायर लावावी. आवाज तत्काळ थांबला तर फ्यूज गेला आहे, आणि ते काम वॉरंटीत मागून घ्यावे.

आपल्या बाबतीत आणखी एक गोष्ट तपासण्यासारखी आहे, जिच्याकडे फारसे कोणी पाहत नाही, आणि ती म्हणजे रिव्हर्स कॅमेरा. कॅमेऱ्याला वीज मागच्या दिव्यातून मिळते व त्याचा अर्थही तिथेच दिलेला असतो, तर त्याच्या चित्राची पिवळी पिन डॅशबोर्डमागे स्क्रीनला लागते. अर्थाचे दुसरे वेटोळे असे आयते तयार होते. पिवळी पिन काढून ऐकावे. फरक पडला तर कॅमेऱ्याचा अर्थ दिव्यापाशी न ठेवता पुढे आणून स्क्रीनच्या अर्थाजवळ द्यावा.

वायरी कोणत्या बाजूने नेल्या आहेत, हेही दरवाज्याच्या पट्ट्या उचलून पाहावे. बॅटरीची जाड वायर एका बाजूने आणि आरसीए दुसऱ्या बाजूने गेली पाहिजे. दोन्ही एकाच पट्टीखाली एकत्र बांधलेल्या सापडल्या, तर त्या वेगळ्या करून मागण्याचा आपल्याला हक्क आहे. सीटखाली पिवळ्या आवरणाच्या वायरी किंवा पिवळे कपलर दिसले तर त्यांना हात लावू देऊ नये, ते बहुधा एअरबॅगचे असतात.

फिल्टरविषयी एवढेच, की आरसीएच्या मधे बसणाऱ्या छोट्या डबीत ट्रान्सफॉर्मर असतो. तो अर्थाचे वेटोळे तोडतो आणि शिट्टी थांबवतोही, परंतु स्वस्त डबीमुळे ढोलकीचा खालचा भरीव आवाज पातळ होतो. नव्या ॲम्प्लिफायरवर पैसे घालून तोच आवाज गमावायचा, हे मला पटत नाही. वरचे सर्व करून झाल्यावरच त्याचा विचार करावा.

प्रश्न : ॲम्प्लिफायर नाही, फक्त नवी सिस्टीम मूळ स्पीकरांना जोडली आहे. उजव्या पुढच्या दरवाज्यातून घूंऽ असा एकसुरी आवाज येतो आणि दरवाजा जोरात लावला की कधी कधी थांबतो.
(एक वाचक, नौपाडा, ठाणे)

उत्तर : आपल्या दरवाज्याने उत्तर दिलेलेच आहे. आजच्या सिस्टीममध्ये स्पीकरच्या दोन्ही वायरींवर साधारण सहा व्होल्ट असतात. त्यांपैकी कोणतीही वायर निगेटिव्ह नसते आणि कोणतीही बॉडीला टेकता कामा नये. बिजागरीजवळच्या रबरी नळीत किंवा डोअर पॅडमागे एखादी वायर सोलवटून पत्र्याला लागत असावी. नेहमीच्या रंगसंगतीत उजव्या पुढच्या स्पीकरची वायर राखाडी आणि तिची जोडीदार काळ्या रेघेची राखाडी असते. सिस्टीमच्या मागचा कपलर काढून या दोन्ही वायरी बॉडीशी जुळतात का, हे मीटरने पाहावे. मीटरने बीप दिला तर शंका फिटली. हे होईपर्यंत सिस्टीम वाजवू नये, आतील ॲम्प्लिफायर जळू शकतो. इन्सुलेशन टेप उन्हात तापून सुटते, म्हणून सांध्यावर हीट श्रिंक नळीच (गरम केल्यावर आवळून घट्ट बसणारी) चढवून घ्यावी.

प्रश्न : डॅशकॅम लावल्यापासून घोडबंदर रस्त्यावर एफएममध्ये खरखर येते. ब्लूटूथवर काही त्रास नाही.
(एक वाचक, ठाणे)

उत्तर : खरखर फक्त रेडिओवर असेल तर स्पीकर आणि अर्थिंग यांना दोष नाही. डॅशकॅमच्या चार्जरमधील सर्किट 12 व्होल्टचे 5 व्होल्ट करताना अतिशय वेगाने चालू-बंद होत असते आणि त्याचा गोंगाट 88 ते 108 मेगाहर्ट्झच्या पट्ट्यात पसरतो. स्टेशन जितके दुबळे तितका तो जास्त ऐकू येतो. चार्जर काढून खात्री करावी. डॅशकॅमची वायर काचेवरून अँटेनाच्या वायरीजवळून गेली असेल तर ती दुसऱ्या खांबातून खाली उतरवावी, चार्जरजवळ वायरीवर फेराइटचा मणी (असा गोंगाट अडवणारी चुंबकीय पदार्थाची नळी) चढवावा, आणि तरीही खरखर राहिली तर चांगल्या प्रतीचा चार्जर घ्यावा. सिस्टीम बदलताना अँटेनाच्या ॲम्प्लिफायरला वीज देणारी निळी वायर तशीच लोंबती राहिली आहे का, हेही त्याच वेळी पाहून घ्यावे; ती जोडलेली नसली तर सगळीच स्टेशने दुबळी येतात आणि दोष मात्र डॅशकॅमच्या माथी जातो.