हायडेलबर्गला यायचं ठरवतेयस तर

तू विचारलंस ते असं: हायडेलबर्गला मास्टर्ससाठी यावं का, गाव फार लहान तर नाही ना, आणि फोटोत दिसतो तो किल्ला, पूल नि लाल कौलं एवढंच तिथे आहे का? शिवाय आईबाबांना बर्लिन बरं वाटतंय. मी नाशिकच्या गंगापूर रोडवर वाढलेली, आता इथे नेकार नदीच्या काठी राहते, म्हणून दोन्हीकडचं बघून सांगते.

गाव लहानच आहे. वस्ती दीड लाखाच्या थोडी वर, आणि त्यात विद्यार्थी इतके की सुट्ट्या लागल्या की बसमध्येसुद्धा कळतं. पण नाशिकला बाहेरून आलेला माणूस रामकुंड, काळाराम आणि एखादी वायनरी बघून परत जातो. 1840पासूनचं सार्वजनिक वाचनालय किंवा गोदाघाटावरची वसंत व्याख्यानमाला त्याच्या गावीही नसते. इथेही तसंच आहे. पर्यटकांचं हायडेलबर्ग दोन तासांत संपतं, राहणाऱ्यांचं सुरू व्हायला मात्र एखादं सेमिस्टर जावं लागतं.

विद्यापीठ 1386 सालचं, आजच्या जर्मनीतलं सर्वांत जुनं. पण जुनेपणाचं कौतुक पुरे. मला जास्त लक्षात राहतं ते इथून काय काय गेलं ते. तीस वर्षांच्या युद्धात 1622मध्ये शहर पडलं आणि इथलं नावाजलेलं ग्रंथालय पोपला भेट म्हणून रोमला गेलं, खेचरांच्या पाठीवरून आल्प्स ओलांडून. त्यातली जर्मन हस्तलिखितं 1816मध्ये परत आली, लॅटिन आणि ग्रीक बहुतेक अजून व्हॅटिकनमध्येच आहेत. पुढे फ्रान्सच्या चौदाव्या लुईच्या फौजांनी 1689 आणि 1693मध्ये किल्ला फोडला, गाव जाळलं. जुन्या गावातली बहुतेक घरं त्यानंतरची आहेत. 1592 सालचं ‘हाउस त्सुम रिटर’ त्यातून वाचलं, मुख्य रस्त्यावर चर्चसमोर उभं आहे. किल्ल्याची डागडुजी चालू होती तर 1764मध्ये वीज पडली. मग तो तसाच राहिला. एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी पुन्हा बांधायचा की पडकाच ठेवायचा, यावर मोठा वाद झाला आणि बराचसा भाग पडकाच ठेवला गेला. मला तो निर्णय पटतो. आपल्याकडे जीर्णोद्धाराच्या नावाखाली संगमरवरी फरशी बसवली असती!

उन्हाळ्यात काही ठरावीक रात्री किल्ला लाल उजेडात उजळतात, मग पुलावरून आतषबाजी. लोक टाळ्या वाजवतात, पण तो लाल उजेड त्या जाळपोळीची आठवण आहे.

पुलाचं सांगते, कारण नाशिककराला ते लगेच कळेल. आधीचा पूल 1784मध्ये बर्फाच्या पुरात गेला, आत्ताचा दगडी पूल 1788चा. 1945मध्ये माघार घेणाऱ्या जर्मन सैन्याने त्याच्या कमानी उडवल्या, दोन वर्षांत तो पुन्हा उभा राहिला. पुलाजवळच्या भिंतीवर वेगवेगळ्या वर्षांच्या पुराच्या खुणा कोरल्या आहेत. गोदेचं पाणी घाटावरच्या दुतोंड्या मारुतीच्या कुठवर आलं यावर पूर मोजणाऱ्या माणसाला त्या वाचायला कुणी शिकवावं लागत नाही.

विद्यापीठाची काळी बाजूही बघून ठेव. विद्यापीठ चौकात 17 मे 1933ला पुस्तकं जाळली गेली. चौकातल्या नव्या इमारतीच्या दारावर ‘जिवंत चैतन्यास’ असं लिहिलेलं होतं, ते नाझींनी बदलून ‘जर्मन चैतन्यास’ केलं. आज पुन्हा मूळचं आहे. जवळच विद्यार्थ्यांची जुनी कोठडी आहे. दारू पिऊन रात्री धिंगाणा घातला की विद्यापीठच पोरांना तिथे डांबायचं. 1914पर्यंत ती चालू होती, आणि भिंती पोरांनी चित्रांनी भरून टाकल्यात. ज्या गल्लीतल्या छोट्या घरात एका शिंप्याचा मुलगा, म्हणजे पहिल्या महायुद्धानंतरच्या वायमार प्रजासत्ताकाचा पहिला अध्यक्ष फ्रिडरिश एबर्ट जन्मला, तिथे आता संग्रहालय आहे. गर्दी किल्ल्यावर असते, म्हणून तिथे शांतपणे फिरता येतं.

मराठी माणसाने इथे येण्याचं आणखी एक कारण म्हणजे 1962मध्ये सुरू झालेली दक्षिण आशिया संस्था. गुंथर सोन्थायमर हे संशोधक इथलेच. धनगरांच्या ओव्या, खंडोबा, जेजुरी यांवर त्यांनी आयुष्य घातलं, 1992मध्ये गेले. संस्थेच्या ग्रंथालयात मराठी पुस्तकं आहेत. आणि नेकारच्या काठाला कवी इक्बालचं नाव दिलेलं आहे. तरुणपणी, 1907मध्ये, ते जर्मन शिकायला इथे राहिले होते.

कंटाळ्याचं म्हणशील तर ते तुझ्या जर्मनवर अवलंबून आहे. मास्टर्स इंग्रजीतून झालं तरी नाटक, वाचनाचे कार्यक्रम, शेजारणीच्या गप्पा जर्मनमध्येच. हे शहर 2014पासून युनेस्कोचं साहित्यनगर आहे, पुस्तकांचे कार्यक्रम सतत असतात आणि विद्यार्थ्यांना तिकिटं स्वस्त पडतात. शरदात जॅझचा ‘एन्जॉय जॅझ’ महोत्सव असतो, शेजारच्या मॅनहाइम आणि लुडविगसहाफेन या शहरांमध्येही त्याचे कार्यक्रम होतात. ‘कार्ल्सटोअरबानहोफ’ नावाचं सांस्कृतिक केंद्र 2022मध्ये ज्युडश्टाटमध्ये गेलं, जिथे 2013पर्यंत अमेरिकन सैन्य होतं. उन्हाळ्यात मात्र सगळं गाव नेकारवीझवर, नदीकाठच्या हिरवळीवर. तिथे पैसे लागत नाहीत.

बर्लिनमध्ये अर्थातच यापेक्षा दसपट काही चालू असतं. पण तिथे अंतरांत दिवस जातो. इथे सायकलवर सगळं पंधरा-वीस मिनिटांत. कपडे, बाजार, मोठा सिनेमा यांसाठी आम्ही मॅनहाइमला जातो. रविवारी दुकानं बंद, हे मनात धरूनच ये, नाहीतर शनिवारी रात्री दूध संपलेलं असतं.

खोलीचं मात्र गंभीरपणे घे. जुन्या गावात राहायचा मोह होईल, होऊ देऊ नकोस: भाडं जास्त, रात्री खालच्या बारचा गोंगाट, आणि विज्ञान शाखांचे वर्ग नदीपलीकडे नोयेनहाइमर फेल्डमध्ये असतात. विद्यार्थी वसतिगृहाचा अर्ज प्रवेशाचं पत्र हातात पडल्या दिवशीच टाक, यादी लांब असते. नाहीतर बानश्टाट किंवा किर्शहाइममध्ये इतरांबरोबर फ्लॅट वाटून घे.

पैशांचं बाबांना सांग: या राज्यात, म्हणजे बाडेन-व्युर्टेम्बर्गमध्ये, 2017पासून युरोपीय संघाबाहेरच्या विद्यार्थ्यांना दर सेमिस्टर 1,500 युरो शिक्षण शुल्क आहे, आणि प्रशासकीय शुल्क वेगळं. जर्मनीतल्या बऱ्याच राज्यांत सरकारी विद्यापीठात असं शुल्क नाही, म्हणून बर्लिनशी तुलना करताना तो आकडा आधी मांडा. व्हिसासाठी एपीएस, म्हणजे आपली शैक्षणिक कागदपत्रं तपासल्याचं प्रमाणपत्र लागतं, त्याचा अर्ज आत्ताच सुरू कर. आणि नाशिकमध्येच बी1 पातळीपर्यंत, म्हणजे रोजचं बोलणं जमेल इतकं, जर्मन करून घे. इथे आल्यावर शिकेन म्हणणारी मुलं पहिल्या वर्षी एकमेकांशी हिंदीत बोलत बसतात.