आधी रिपोर्ट, मग सुई

गड्या,

तुझा व्हॉइस मेसेज दोनदा ऐकला. तुझ्याकडे ट्रेनिंगला येणाऱ्या त्या ४८ वर्षांच्या साहेबांना यंदा बॉडीबिल्डिंगच्या मास्टर्स, म्हणजे मोठ्या वयाच्या गटात उतरायचंय, 'टेस्टो लावून दे', म्हणजे टेस्टोस्टेरॉन या पुरुषी हार्मोनची सुई सुरू कर, म्हणून ते मागे लागलेत, आणि नाही म्हटलंस तर शेजारच्या जिममध्ये जातील. जाऊ देत. फी बुडेल, बुडू दे. पण तुझा खरा प्रश्न शेवटी आला: "सर, तुम्ही स्वतः टेस्टोस्टेरॉनचं जेल लावता, मग मी त्यांना कुठल्या तोंडाने नाही म्हणू?"

याच तोंडाने. आधी रिपोर्ट, मग सुई.

आणि रिपोर्ट म्हणजे हेल्थ पॅकेजमधला एक सुटा आकडा नव्हे. सकाळी, उपाशीपोटी, दोन वेगवेगळ्या दिवशी टोटल टेस्टोस्टेरॉन. हे हार्मोन सकाळी वर असतं आणि दिवसभरात उतरतं, त्यामुळे वर्कआउट उरकून घरी जाता जाता संध्याकाळी दिलेलं रक्त काही कामाचं नाही. अमेरिकेतले मूत्रविकारतज्ज्ञ डेसिलीटरला ३०० नॅनोग्रॅमच्या खाली 'कमी' धरतात, तेही सोबत लक्षणं असतील तरच. दोन्ही वेळा कमी आलं तर एलएच, एफएसएच, प्रोलॅक्टिन, म्हणजे मेंदूखालच्या पिट्युटरी ग्रंथीची हार्मोन्स तपासायची. बिघाड वृषणात आहे की पिट्युटरीत, ते त्यातून कळतं. हे सगळं वाचायला एंडोक्रायनॉलॉजिस्ट, म्हणजे हार्मोनचा डॉक्टर हवा. तू नाही, मीही नाही.

साहेब सध्या कटिंगवर, म्हणजे चरबी उतरवण्याच्या डाएटवर आहेत, असं तूच म्हणालास. भात बंद, दोन वेळा कार्डिओ, झोप जेमतेम पाच तास. अरे, अशा माणसाची पातळी पडणारच! पोटात पुरेसं जात नसलं की शरीर आधी हाच खर्च कापतं. ती घसरण तू वयाच्या नावावर टाकणार आणि सुई टोचणार? त्यांना आधी नीट जेवू दे, झोपू दे. घोरत असतील तर झोपेची तपासणी करायला सांग. आणि पूर्वी कधी सायकल, म्हणजे स्टिरॉइडचा कोर्स मारला होता का, हे खोदून विचार. बाहेरून टेस्टोस्टेरॉन आलं की पिट्युटरी एलएच सोडायचं थांबवते, आणि सुई बंद केल्यावरही ती महिनोन्‌महिने रुसून बसू शकते. पन्नाशीला आलेल्या कितीतरी 'लो टी'वाल्यांचं, म्हणजे कमी टेस्टोस्टेरॉनवाल्यांचं मूळ तिशीतल्या सायकलींत असतं, पण कबूल कोण करणार.

औषध काम करत नाही, असं मी म्हणणार नाही. १९९६ साली संशोधक भसीन आणि सहकाऱ्यांनी धडधाकट पुरुषांना आठवड्याला ६०० मिलीग्रॅम टेस्टोस्टेरॉन एनॅन्थेट १० आठवडे दिलं, तर व्यायाम न करणाऱ्यांचेही स्नायू वाढले. 'काही उपयोग नसतो' असं सांगणारे ज्येष्ठ खोटं बोलतात, आणि मग पोरं त्यांचं खरंही ऐकत नाहीत. पण उपचाराचा डोस असतो आठवड्याला ७५ ते १०० मिलीग्रॅम. चेंजिंग रूममध्ये जे चालतं ते ५०० च्या पुढे, आणि त्यालाही हे लोक ऐटीत 'टीआरटी', म्हणजे कमी पडलेलं टेस्टोस्टेरॉन भरून काढायचा उपचार म्हणतात. ढोंग आहे सगळं.

माझ्याबरोबर स्टेजवर उभा राहणारा एक जण असाच 'टीआरटी'वर होता. तोंड बिटासारखं लाल, दोन जिने चढला की कानशिलं धडधडायची. तो म्हणायचा, पंप जबरदस्त आहे. हिमॅटोक्रिट, म्हणजे रक्तातल्या लाल पेशींचं प्रमाण, निघालं ५८ टक्के. डॉक्टर ५४ च्या वर गेलं की औषध थांबवतात. याचं रक्त काढून टाकावं लागलं. त्या वर्षी तो जिंकला आणि मी रिकाम्या हाताने घरी आलो. अजून झोंबतं ते, खोटं कशाला सांगू.

आता माझ्या जेलबद्दल. दोन सकाळचे रिपोर्ट कमी, एलएच वर, म्हणजे कारखानाच बंद. तेव्हा डॉक्टरांनी लिहून दिलं. पीएसए (प्रोस्टेटची रक्तचाचणी) आणि हिमॅटोक्रिट नेमाने तपासतो, आणि पहिली ट्यूब उघडली त्याच दिवशी स्पर्धा सोडली. कुणी सोडायला लावली नाही. जागतिक उत्तेजकविरोधी संस्थेच्या यादीत टेस्टोस्टेरॉन बारमाही बंद आहे, आणि निव्वळ वयाने पातळी उतरली या कारणावर ती सवलत देत नाही. माझ्या कारणावर कदाचित कागद करता आले असते. नाही केले. लोक म्हणतात, म्हातारा घेतो आणि वर शहाणपणा शिकवतो. म्हणू देत. माझ्याकडे फाइल आहे, त्यांच्याकडे फक्त व्हायल आहेत.

जेलही निर्धोक नाही. २०२३ मध्ये ट्रॅव्हर्स चाचणीचे निकाल आले. पाच हजारांवर पुरुष, ४५ ते ८० वयाचे, कमी पातळीचे आणि हृदयविकाराचा धोका असलेले. हार्ट अटॅक आणि स्ट्रोक वाढले नाहीत, पण हृदयाचे अनियमित ठोके आणि फुप्फुसातल्या गुठळ्या जास्त दिसल्या. तेही मोजून-मापून दिलेल्या जेलवर. ५०० वाल्यांना यातला दिलासा तेवढा ऐकू येतो.

आणि तू? मेसेजच्या शेवटी हळूच 'मीपण विचार करतोय' म्हणालास, ते ऐकलं मी. तुझं अजून लग्न व्हायचंय. सुईने शुक्राणू शून्यावर येऊ शकतात, परत येतीलच याची हमी नाही. तुझा रिपोर्ट तर आहे का? नाही ना? मग विषय संपला.

साहेबांना सोमवारी सांग: आधी रिपोर्ट. केसांसाठी बायोटिनच्या गोळ्या घेत असतील तर चाचणीआधी बंद करायच्या का, ते लॅबला विचारायला लाव. त्या गोळ्यांनी आकडा चुकू शकतो. आणि कागद मला व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवू नकोस, डॉक्टरकडे ने.

तुझा,
सर