डुकराचा डॉक्टर की पाण्याची केमिस्ट?

मुखेड तालुक्यातून एका वडिलांचं चार पानी पत्र आलंय. थोडक्यात असं: गावात त्यांचा जारच्या पाण्याचा आरओ प्लांट आहे. लेक लातूरला बारावीला, ग्रुप पीसीएमबी, नीटचा क्लास चालू. तिने दोन वह्या घातल्यात. एकीत पाणी शुद्ध करणाऱ्या नवनव्या पदार्थांच्या नोंदी, दुसरीत डुकरांच्या विषाणूजन्य रोगांच्या. दुसरी वही गेल्या पावसाळ्यातली. गावाबाहेरच्या वस्तीतल्या एका कुटुंबाची सतरा डुकरं पाच दिवसांत मेली, तेव्हा सुरू झालेली. तिला दोन्हींत संशोधन करायचंय. वडील लिहितात, “मॅडम, पाहुणे हासायलेत. पोरीला डुकराचा डॉक्टर करणार का म्हणायलेत. माझं म्हणणं एमबीबीएस. ती ऐकंना. दोन्ही एकदम होतं का? किती वर्षं जातील? पोट भरंल का?”

दादा, पाहुण्यांचं आधी उरकते. ज्या कुटुंबाची सतरा डुकरं गेली, त्यांचं वर्षाचं उत्पन्न पाच दिवसांत मातीत गेलं. शेळ्या मेल्या असत्या तर हेच पाहुणे हळहळले असते. तुमच्या लेकीला हसू आलं नाही, तिने वही उघडली. याहून जास्त मला या विषयावर बोलायचं नाही.

आता तिच्या वह्या. या दोन वह्यांमध्ये नातं आहे, पण तुम्हाला वाटतं तसं नाही. आफ्रिकन स्वाइन फीवर या डुकरांच्या तापाचा विषाणू साधारण 200 नॅनोमीटरचा असतो. एका मिलिमीटरचे पाच हजार तुकडे केले तर त्यातल्या एका तुकड्याएवढा. विषाणूंमध्ये हा बराच थोराड. अल्ट्राफिल्ट्रेशनची जाळी असे विषाणू अडवते. पण पाण्यात विरघळलेलं फ्लोराइड त्याच जाळीतून खुशाल निघून जातं, कारण ते इतकं बारीक की त्याच्यापुढे ही जाळी म्हणजे वेशीचं उघडं दार. त्याला अडवायला तुमच्या प्लांटमधली आरओची मेंब्रेन लागते, नाही तर फ्लोराइडला स्वतःकडे ओढून धरणारा एखादा पदार्थ. म्हणजे गाळून काढायचं की चिकटवून घ्यायचं, हा पाण्याच्या संशोधनातला पहिला प्रश्न. लेकीच्या पहिल्या वहीत तो आहे का बघा. नसला तर तिला विचारा. उत्तर देताना तिचे डोळे चमकले तर मला पुढचं लिहायला सोपं जाईल.

पाण्यावर थोडं जास्त लिहिते. आपल्याकडे हा विषय पुस्तकातला नाही. 2016 च्या एप्रिलमध्ये मिरजेहून रेल्वेने लातूरला पाणी आलं, तेव्हा तुमची लेक जेमतेम शाळेत जायला लागली असेल. ते पाण्याच्या तुटवड्याचं वर्ष होतं. पण पाऊस झाला तरी न सुटणारी दुसरी अडचण बोअरच्या खोलीत आहे. तुमच्याच नांदेड जिल्ह्यात किनवटकडे फ्लोराइडचा प्रश्न जुना आहे. पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकात लिटरला 1 मिलिग्रॅमपर्यंत फ्लोराइड चालतं, दुसरा स्रोतच नसेल तर 1.5 पर्यंत. त्यावर गेलं की आधी दातांवर डाग पडतात, आणि वर्षानुवर्षं तेच पाणी पोटात गेलं तर हाडं धरतात.

आणि इथे तुम्हाला, प्लांटवाल्याला, एक गोष्ट सांगायची आहे. तुम्ही गिऱ्हाइकाला टीडीएस मीटर लावून दाखवता ना? तो मीटर पाण्यातून वीज किती वाहते ते मोजतो आणि त्यावरून क्षारांचा एकूण आकडा सांगतो. त्या आकड्यात दोन मिलिग्रॅम फ्लोराइड आहे की शून्य, हे त्याला कळत नाही. आठशे टीडीएसचं पाणी फ्लोराइडच्या बाबतीत निर्धोक असू शकतं आणि तीनशेचं घातक. हे तुमच्या लेकीने तुम्हाला एव्हाना सांगितलं नसेल तर तिच्या वहीत एक पान कमी आहे.

फ्लोराइड काढण्याची नालगोंडा पद्धत आपल्या नागपूरच्या नीरी या पर्यावरण संशोधन संस्थेने शोधली. तुरटी आणि चुना, दोन्ही किराणा दुकानातल्या वस्तू. दुसरा मार्ग अ‍ॅक्टिव्हेटेड अ‍ॅल्युमिनाचा. ते फ्लोराइड छान धरतं, पण भरलं की कॉस्टिक सोड्याने धुवून पुन्हा तयार करावं लागतं. गावात ते कोण धुणार? म्हणून अनेक ठिकाणी असे फिल्टर बसवले जातात आणि काही महिन्यांनी कोपऱ्यात नुसते उभे असतात. माझा एक जुना विद्यार्थी याच विषयात पीएचडी करून बसलाय. तो सांगतो, “मॅडम, माझा पदार्थ डिस्टिल्ड वॉटरमध्ये राजा होता. गावच्या बोअरचं पाणी टाकलं आणि निम्म्यावर आला.” कारण बोअरच्या पाण्यात बायकार्बोनेट असतं, ते पदार्थावरच्या त्याच जागांसाठी भांडतं. या विषयावर निघणाऱ्या शोधनिबंधांचा ढीग मोठा आहे, त्यांतले गावच्या पाण्यात टिकणारे पदार्थ थोडे. तुमच्या लेकीला काही करायचं असेल तर त्या थोड्यांत करू दे.

विषयाला सध्या भाव मात्र आहे. 2025 चं रसायनशास्त्राचं नोबेल कितागावा, रॉबसन आणि याघी या तिघांना मिळालं ते मेटल-ऑरगॅनिक फ्रेमवर्क्ससाठी. धातूचे अणू हे खांब आणि कार्बनी रेणू हे वासे, अशी पोकळ चौकट. त्यातल्या काही पदार्थांच्या एका ग्रॅमच्या आत एकरभर पृष्ठभाग असतो. एक ग्रॅम म्हणजे दोन चिमट्या मीठ, त्यात एकर! वाळवंटी हवेतून पाणी ओढण्यापासून पाण्यातली रसायनं पकडण्यापर्यंत यांचे उपयोग शोधले जातायत. आपल्या देशात आयआयटी मद्रासमध्ये टी. प्रदीप यांच्या गटाने आर्सेनिक काढणारा नॅनो लोह-ऑक्साइडचा पदार्थ बनवला आणि तो खेड्यांपर्यंत नेला. पुण्याची राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळा (एनसीएल) आणि आयसर ही विज्ञान संस्था इथेही मेंब्रेन आणि सच्छिद्र पदार्थांवर काम चालतं.

आता दुसरी वही. सतरा डुकरं कशाने मेली हे मी सांगू शकत नाही, आणि गावात कुणी “अमुकच रोग” म्हणून ठामपणे सांगत असेल तर त्यालाही कळलेलं नाही. क्लासिकल स्वाइन फीवर आणि आफ्रिकन स्वाइन फीवर हे दोन वेगवेगळ्या विषाणूंचे रोग. पहिल्याचा विषाणू आरएनएचा, दुसऱ्याचा डीएनएचा, दोघांचं एकमेकांशी काही नातं नाही. पण ताप, अंगावर लालजांभळे चट्टे, पटापट मरणं हे बाहेरून सारखंच दिसतं. खरं काय ते प्रयोगशाळेतच कळतं. आणि फरक जीवघेणा आहे. क्लासिकलवर लस आहे, आपल्या इज्जतनगरच्या पशुवैद्यकीय संशोधन संस्थेनेही एक बनवलीय. आफ्रिकन फीवर 1921 साली केनियातून पहिल्यांदा नोंदवला गेला, 2018 मध्ये चीनमध्ये शिरला, 2020 मध्ये आसाम-अरुणाचलमार्गे भारतात आला. शंभर वर्षं उलटली तरी त्यावर औषध नाही, आणि व्हिएतनामने अलीकडे काही लशींना परवानगी दिली तरी सगळीकडे बिनधोक वापरता येईल अशी लस अजून नाही. विषाणूत दीडशेहून जास्त जनुकं, आणि तो शिरतो नेमका रोगाशी लढणाऱ्या पेशींमध्येच. चौकीदारालाच फितवायचं, तशातली गत. तो माणसाला होत नाही, हे पाहुण्यांना सांगायला हरकत नाही.

तो पसरतो कसा, हे तुमच्या लेकीने वहीत ठळक लिहावं: हॉटेलच्या उष्ट्या अन्नातून, कापलेल्या मांसातून, गाडीच्या चाकांतून, बुटांच्या तळव्यांतून. मांसात हा विषाणू महिनोन्महिने टिकतो. म्हणून पुन्हा अशी मर झाली तर वही घेऊन तिकडे धावू नका म्हणावं. तालुक्याच्या पशुवैद्यकीय दवाखान्यात किंवा 1962 या पशुसेवेच्या फोन नंबरवर कळवायचं. जनावरांच्या संसर्गजन्य रोगांच्या 2009 च्या कायद्याप्रमाणे असे रोग कळवणं बंधनकारकच आहे. मेलेली जनावरं उघड्यावर टाकली, नदीत सोडली किंवा स्वस्तात विकली, की पुढच्या गावाची वेळ आली समजा.

आता नाजूक भाग. आफ्रिकन फीवरच्या जिवंत विषाणूवर मराठवाड्यात कुठेही काम करता येणार नाही. त्याला उच्च सुरक्षेची प्रयोगशाळा लागते, तशी भोपाळला आहे, आपल्याकडचे संशयित नमुने तिथेच जातात. आत जाताना कपडे बदलायचे, बाहेर येताना आंघोळ करून यायचं, आणि काही दिवस डुकरांच्या आसपास फिरकायचं नाही. हे आयुष्य आवडेल का, हा प्रश्न “विषाणूशास्त्र आवडतं का” या प्रश्नापेक्षा मोठा आहे. तसंच पाण्याचं. पदार्थ बनवणारी केमिस्ट दिवसभर भट्टीसमोर, बीकरसमोर, आलेख काढत बसते. एकाच पदार्थाचे ऐंशी नमुने, त्यातले अठ्ठ्याहत्तर फुकट. संशोधनाची निवड करताना मी मुलांना एवढंच विचारते: दिवसभर हात कशात असलेले चालतील? रक्तात की राखेत? विषयाचं नाव पुढे दहादा बदलतं, हे बदलत नाही.

आता तुमचा मूळ प्रश्न: दोन्ही एकदम? पीएचडीला नाही. पण आज ठरवायचं आहे ते प्रवेशाचं दार, विषय नव्हे. दारं तीन.

नीट ती देणारच आहे. त्याच गुणांवर बीव्हीएस्सी, म्हणजे पशुवैद्यकाची पदवी, होते, साडेपाच वर्षं, शेवटचं वर्ष इंटर्नशिप. परभणी आणि उदगीर ही दोन्ही पशुवैद्यकीय महाविद्यालयं आपल्याच मुलखात, मुखेडहून उदगीर काही दूर नाही. या प्रवेशाचा फॉर्म माफसूचा, म्हणजे राज्याच्या पशुविज्ञान विद्यापीठाचा, एमबीबीएसच्या फॉर्मपासून वेगळा भरावा लागतो. दरवर्षी दोन-चार पालक मला सप्टेंबरमध्ये फोन करतात की आम्हाला वाटलं आपोआप येतं. येत नाही. पुढे मायक्रोबायोलॉजीत एमव्हीएस्सी आणि पीएचडी. आणि संशोधन नाही जमलं तरी एमपीएससीतून पशुधन विकास अधिकारी होता येतं, त्यामुळे पोटाच्या प्रश्नाला हे सगळ्यांत भक्कम दार. पोस्टमॉर्टेमच्या टेबलाशी उभं राहायचं असेल तर याला पर्याय नाही.

दुसरं दार आयसर, आणि दोन वह्यांच्या मुलीला हे मला सगळ्यांत शोभणारं वाटतं. त्याच्या परीक्षेत भौतिक, रसायन, जीवशास्त्र, गणित, चारही विषयांचे पंधरा-पंधरा प्रश्न. तिचे चारही विषय आहेत, पीसीएमबी घेतल्याचं सार्थक इथे होतं. पाच वर्षांचा बीएस-एमएस, सुरुवातीला सगळे विषय, मग निवड. म्हणजे वही निवडायला दोन वर्षं मिळतात. लातूरच्या क्लासेसमध्ये या परीक्षेचं नाव फारसं घेत नाहीत, कारण निकालाच्या फ्लेक्सवर तिला जागा नसते. हे माझं मत आहे, क्लासवाल्यांनी राग मानू नये.

तिसरं दार साध्या बीएस्सीचं. नांदेडचं स्वामी रामानंद तीर्थ विद्यापीठ काय किंवा संभाजीनगरचं काय, घरापासून जवळ आणि खर्च कमी. तिथून आयआयटी जॅम ही प्रवेशपरीक्षा देऊन एमएस्सीला बाहेर पडता येतं. मार्ग लांब वाटतो, पण माझे सगळ्यांत चिवट संशोधक याच वाटेने गेलेत. जालन्याला आयसीटी या मुंबईच्या रसायन तंत्रज्ञान संस्थेचा कॅम्पसही आहे, केमिकल इंजिनीअरिंगकडे कल असेल तर तेही बघावं.

वर्षांचा हिशोब: बारावीनंतर पीएचडी हातात पडायला दहा-अकरा वर्षं. घाबरू नका, सगळी वर्षं तुमच्या खिशातून जात नाहीत. नेट परीक्षेतून जेआरएफ ही संशोधनाची शिष्यवृत्ती निघाली की महिन्याला 37,000 रुपये आणि वर घरभाडं, पुढे 42,000. म्हणजे दुसऱ्या-तिसऱ्या दाराने गेली तर साधारण बाविसाव्या-तेविसाव्या वर्षी ती कमवायला लागते. भरपूर पैसा नाही, पण हात पसरावा लागत नाही. खरा ताण पैशाचा नसतो, तो असतो सत्ताविसाव्या वर्षी “अजून शिकतेय?” असं विचारणाऱ्या पाहुण्यांचा. तेच पाहुणे, दादा. त्यांना आजपासून तोंड द्यायची सवय करा.

एमबीबीएसबद्दल: गुण आले आणि तिला हवं असेल तर जाऊ दे. तुम्हाला हवं म्हणून नको. एवढंच.

या दिवाळीच्या सुट्टीत तिला एक काम द्या. तुमच्या प्लांटवर हजार लिटर जारचं पाणी काढायला बोअरचं किती पाणी लागतं आणि किती गटारीला जातं, ते बादलीने आणि घड्याळाने मोजू द्या. मग तीन बाटल्या भरायच्या: एक बोअरची, एक जारची, एक गटारीला जाणाऱ्या पाण्याची. बाटल्या प्लास्टिकच्या, काचेच्या नकोत, फ्लोराइड काचेशी भिडतं. त्या नांदेडला भूजल सर्वेक्षण यंत्रणेच्या प्रयोगशाळेत द्यायच्या आणि फ्लोराइड, नायट्रेट, काठिण्य मागायचं. आणि एक दिवस तिला उदगीरच्या महाविद्यालयात घेऊन जा, परवानगी काढून जनावरांच्या दवाखान्यात दुपारपर्यंत उभी करा. संध्याकाळी ती कोणत्या दिवसाबद्दल जास्त बोलते, त्याकडे लक्ष ठेवा. तुम्ही बोलू नका.

रिपोर्ट आला की मला कळवा. गटारीच्या बाटलीचा विशेष करून. त्यात काय साठून येतं याची मलाही उत्सुकता आहे, आणि ते पाणी तुमच्या प्लांटमागच्या कुणाच्या शेतात जातं का, हे तुम्ही पत्रात लिहिलेलं नाही.