नकाशावरचं नाव म्हणजे गाव नव्हे

ऑस्ट्रेलियातल्या ॲडलेडहून उत्तरेला फ्लिंडर्स रेंजेस या डोंगररांगांकडे सायकलने निघणाऱ्यांना मी रस्ता आखून देतो. एप्रिल जवळ आला की पुण्या-नाशिकहून आणि इथल्या मराठी घरांतून तेच ते प्रश्न येऊ लागतात. म्हणून काहींची उत्तरं एकत्र देतो आहे.

प्रश्न : गावाबाहेरच्या मोकळ्या रस्त्यावरही हेल्मेट लागतं का?

लागतं. कायदाच आहे.

प्रश्न : स्वतःची सायकल पुण्याहून आणली तर विमानतळावर अडवतात का?

सायकलला अडवत नाहीत, तिला लागलेल्या मातीला अडवतात. टायर, पेडल, बुटांचे तळवे, तंबूच्या खुंट्या घासून धुवा आणि तरीही उतरताना फॉर्मवर सायकल असल्याचं लिहा. हे काम आदल्या रात्रीवर ढकलू नका. पॅकिंग आपल्या मेकॅनिककडूनच करून घ्या.

प्रश्न : इथल्या काट्यांसाठी ‘पंक्चर होणारच नाही’ असा महागडा टायर दुकानदार सुचवतो. घ्यावा का?

असं वचन देणाऱ्या दुकानातून काहीच घेऊ नका. इथला काटा तुमच्या ओळखीचा आहे. रानात अनवाणी पाय टाकल्यावर भरतो तोच सराटा. इथे त्याला कॅलट्रॉप म्हणतात. जाड टायरने पंक्चर कमी होतात, थांबत नाहीत. दोन जादा ट्यूब, ठिगळं आणि पंप हवाच. मुक्कामाला सायकल गवतातून ढकलू नका, उचलून न्या. ट्यूबलेस करायचं असेल तर तुमची रिम त्याला चालते का, हे आधी मेकॅनिकला विचारा.

प्रश्न : आमच्या ग्रुपवर एकाने लिहिलंय की या वाटेवर क्वॉर्नपासून उत्तरेला मरीपर्यंत दर तीस-चाळीस किलोमीटरवर गाव आहे, दोन बाटल्या पाणी पुरतं. नकाशातही तशी नावं दिसतात.

नावं दिसतात, गावं नाहीत. हे मला दरवर्षी सांगावं लागतं आणि दरवर्षी कुणीतरी दोन बाटल्यांवर निघतं.

१८६५ साली जॉर्ज गॉयडर या सर्वेक्षकाने साउथ ऑस्ट्रेलियाच्या नकाशावर एक रेषा ओढली. तिच्या उत्तरेला पावसाचा भरवसा नाही, तिथे पेरणी करू नका, असं त्याचं म्हणणं. पुढे काही वर्षं पाऊस चांगला झाला. नांगर गेला की मागोमाग पाऊस येतो, असं लोक म्हणू लागले आणि रेषेपलीकडे गावं आखली गेली. १८८०च्या दशकात दुष्काळाने ती मोडली. क्वॉर्न आणि हॉकर टिकली, पण त्या भागातल्या गॉर्डन, विल्सन यांचे आता दगडी अवशेषच आहेत. लिंडहर्स्ट आणि मरी यांच्यामधलं फरीना तसंच. फरीना म्हणजे लॅटिनमध्ये पीठ. इतकी आशा होती गव्हाची! तिथल्या जुन्या बेकरीतल्या गरम पावांचे फोटो तुम्ही पाहिले असतील. ती बेकरी स्वयंसेवक हिवाळ्यात काही आठवडेच चालवतात. त्या फोटोवर पाण्याचा हिशोब बांधू नका.

आता हिशोब. लिंडहर्स्ट ते मरी सुमारे ८० किलोमीटर. सामान लादलेलं, वारा समोरून, म्हणजे सहा-सात तास. उन्हात तासाला लिटरभर धरा, स्वयंपाक आणि अडचणीसाठी आणखी तीन. दहा लिटर होतात, म्हणजे दहा किलो. ते ओझं न्यायचंच. वाटेत टाकी दिसली तर ती भरलेली असेलच असं नाही. बोअरचं पाणी बऱ्याच ठिकाणी खारं असतं, आणि ‘कुठलंही पाणी पिण्याजोगं करते’ म्हणून विकली जाणारी फिल्टरची बाटली गाळ-जंतू अडवते, विरघळलेलं मीठ नाही. निघण्याच्या आदल्या दिवशी पुढच्या गावच्या हॉटेलला फोन करून पाणी आणि रस्ता दोन्ही विचारा. फोन लागला नाही तर निघू नका.

प्रश्न : बाबा ६१ वर्षांचे आहेत, बीपीची गोळी चालू आहे, त्रास काही नाही. निघण्याच्या आठवडाभर आधी डॉक्टरांना दाखवलं तर चालेल?

नाही. दोन-तीन महिने आधी दाखवा. बीपीच्या काही गोळ्या शरीरातलं पाणी आणि क्षार कमी करतात. त्यावर दिवसभराचं ऊन आलं की चक्कर येते, आणि तिथून दवाखाना तासाभरावर नसतो. गोळी बदलायची का, क्षारांची पावडर चालेल का, हे त्यांचे डॉक्टरच ठरवतील. मी नाही आणि ग्रुपवरचे मित्रही नाहीत. चिठ्ठी इंग्रजीत, औषधाच्या मूळ नावासह घ्या.

प्रश्न : रोड ट्रेनची, म्हणजे एकामागे एक ट्रेलर जोडलेल्या लांब ट्रकची, भीती वाटते.

वाटायलाच हवी. पोर्ट ऑगस्टाच्या उत्तरेला त्या ५३.५ मीटरपर्यंत लांब असतात आणि पटकन थांबू शकत नाहीत. हँडलला आरसा लावा. मागून दिसली की रस्ता सोडून उतरा. ६० किलोमीटरच्या वरच्या वेगमर्यादेत सायकलपासून दीड मीटर अंतर ठेवण्याचा नियम आहे, पण त्याच्या जिवावर डांबरावर थांबू नका.

प्रश्न : शाकाहारी जेवण मिळेल का?

पबमध्ये चिप्स मिळतील, एखादा पास्ता मिळेल. स्वयंपाकघर आठच्या सुमारास बंद होतं, म्हणून दुपारीच फोन करा. पोहे, मूगडाळ आणि तांदूळ ॲडलेडमध्येच विकत घ्या. स्टोव्ह पेटवण्याआधी त्या दिवशी टोटल फायर बॅन (उघड्यावर आग पेटवायला बंदी) आहे का, हे कंट्री फायर सर्व्हिस या अग्निशमन सेवेकडून तपासा. बंदी असेल तर पोहे भिजवून खा.